आधी तारा, मग डिकोडर: घरच्या मॉडेल रेल्वेला डीसीसी बसवताना

साध्या डीसी कंट्रोलरवर नॉब फिरवला की रुळांवर उभी असलेली सगळी इंजिनं एकदम निघतात. एकाला यार्डात थांबवून दुसऱ्याला मेन लाइनवर काढायचं तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला स्विच लावावा लागतो. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर व्होल्टेज कायम पूर्ण असतो, एचओ मापाच्या गाड्यांसाठी साधारण १४-१५ व्होल्ट आणि त्याहून लहान एन मापासाठी १२. कोणी किती पळायचं हा हुकूम त्याच विजेतून जातो. इंजिनातल्या डिकोडरला आपला पत्ता ऐकू आला की तो मोटर चालवतो, बाकीचे गप्प राहतात.

हुकूम जातो तो विजेची दिशा झपाट्याने उलटसुलट करून. बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ते १, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ०. ही पद्धत मूळ जर्मनीच्या लेंझ कंपनीची. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने ती प्रमाण मानली, म्हणून आज एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर (हुकूम पाठवणाऱ्या यंत्रावर) चालतो.

डीसीवर खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही, ती याच कारणाने. डीसीवर चाकाखाली क्षणभर वीज गेली तरी फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन पुढे सरकतं. डीसीसीवर तेवढ्या क्षणात डिकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि आवाजाचा डिकोडर असेल तर इंजिन स्टार्ट होण्यापासून सगळं नाटक पहिल्यापासून. ‘डिकोडर खराब आहे’ असं वाटणाऱ्या बहुतेक तक्रारी शेवटी तारेत, सांध्यात (जिथे रूळ दोन वाटांना फुटतो तो पॉइंट) नाहीतर काळवंडलेल्या चाकात सापडतात. म्हणून कामाचा क्रम असा धरा: बोर्डाच्या तारा, मग इंजिनाची तपासणी, मग कमांड स्टेशन आणि सगळ्यात शेवटी डिकोडर.

बोर्ड आणि बस वायर

मुंबईच्या घरात बोर्ड बहुधा पलंगाखाली सरकवायचा, ६ बाय ३ फुटांच्या आसपासचा. प्लाय घ्याल तो मरीन घ्या, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. साधा कमर्शियल प्लाय जून ते सप्टेंबर फुगतो, ऑक्टोबरात आकसतो, आणि रुळांचे जोड त्याच्याबरोबर हलतात. बोर्ड रोज सरकणार असेल तर खालच्या तारा क्लिपने पक्क्या करा, लोंबत ठेवू नका.

बोर्डाखालून दोन मुख्य तारा फिरवा, एक लाल, एक काळी. हीच बस. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर पुरते, लोहार चाळीत हवी तेवढी मीटरवर कापून मिळते. ५ मीटर बस म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं, रोध साधारण ०.१२ ओहम. ३ अँपिअर ओढले तरी तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत. तेच काम स्पीकरच्या ०.२ चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेने केलं तर अडीच व्होल्ट तारेतच जातात आणि बोर्डाच्या टोकाला इंजिन रडत चालतं.

बसपासून रुळापर्यंत ०.५ चौरस मिलिमीटरचे फीडर, ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड. दर मीटरला एक जोडी आणि प्रत्येक सांध्याच्या तिन्ही बाजूंना एकेक. फिशप्लेटवर (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीवर) विजेची जबाबदारी टाकू नका. ती रूळ सरळ धरण्यासाठी आहे, आणि समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात तिच्या आत ऑक्साइडचा थर बसतो. लाल वायर कोणत्या रुळाला आणि काळी कोणत्या, हे पहिल्या फीडरला ठरवा आणि रुळाच्या कडेला बोर्डावर पेनने खूण करा. वर्तुळात फिरताना डोकं गरगरतं आणि सातव्या फीडरला चूक होतेच.

फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा, चाकाची कड आतून जाते. ६३/३७ ची रोझिन असलेली सोल्डर तार आणि ५०-६० वॅटची आयर्न घ्या. कमी वॅटची वापरली तर रूळ तापायला वेळ लागतो आणि तोवर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. आधी रूळ आणि तार दोन्हीवर वेगवेगळं सोल्डर चढवा, मग जोडून दोन सेकंद टेकवा. जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचा बोळा ठेवला की उष्णता पसरत नाही. पत्र्याच्या कामाचं आम्ल असलेलं फ्लक्स अजिबात नको, महिन्याभरात हिरवा बुरा येतो. जोडांवर काळी चिकटपट्टीही नको. मुंबईच्या उकाड्यात तिचा गोंद पाझरतो आणि पट्टी सुटते. हीट श्रिंक स्लीव्ह वापरा.

स्टार्टर सेटमधला वीज जोडायचा रुळाचा तुकडा असेल तर त्याच्या खालचं झाकण उघडून बघा. डीसीच्या तुकड्यात बऱ्याचदा रेडिओची खरखर दाबण्यासाठी कपॅसिटर असतो. ५८ मायक्रोसेकंदांच्या कडा तो गोल करून टाकतो आणि संदेश पोचत नाही. कापून काढा.

सांध्यांचं बघा. क्रॉसिंग, म्हणजे मॉडेलवाले ज्याला फ्रॉग म्हणतात ते, प्लॅस्टिकचं असेल तर काही करावं लागत नाही, पण छोट्या शंटिंग इंजिनाची तिथे वीज जाते. धातूचं असेल तर इंजिन छान जातं, मात्र सांधा ज्या बाजूला पडलाय त्याप्रमाणे फ्रॉगची वीज बदलावी लागते. फ्रॉगच्या पुढे आतल्या दोन्ही रुळांना काप द्या, फ्रॉगला वेगळी तार लावा आणि ती पॉइंट मोटरच्या (सांधा हलवणाऱ्या मोटरच्या) स्विचमधून फिरवा. फ्रॉग ज्युसर नावाचा छोटा बोर्ड हे आपोआप करतो, पण तो फक्त डीसीसीवर चालतो.

रूळ वळून स्वतःलाच मिळत असेल, किंवा त्रिकोण असेल, तर लाल रूळ काळ्याला भेटतो आणि सरळ शॉर्ट होतो. त्या लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांना काप द्या आणि आतला भाग ऑटो-रिव्हर्सरमधून (विजेची दिशा आपोआप उलटवणाऱ्या छोट्या बोर्डातून) जोडा. आतला भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर धातूची चाकं दोन्ही काप एकदम ओलांडतात आणि रिव्हर्सरला काय करावं कळत नाही.

आता नाण्याची परीक्षा. ही कमांड स्टेशन आल्यावर करायची, पण ती डोक्यात ठेवूनच तारा ओढा. वीज चालू असताना रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. स्टेशनने त्याच क्षणी ट्रिप व्हायला हवं. बोर्डावर दर दोन फुटांवर आणि प्रत्येक सांध्याच्या पलीकडे हे करा. जिथे ट्रिप होत नाही तिथे जोड कच्चा आहे. समजा तिथपर्यंतचा रोध ४ ओहम झाला. १५ व्होल्टला पावणेचार अँपिअर वाहतील, ५ अँपिअरच्या बूस्टरला (स्टेशनचा रुळांना वीज देणारा भाग) त्यात काहीच वावगं वाटणार नाही, आणि ५० वॅटच्या वर उष्णता त्या वाटेत साठेल. तेवढ्या उष्णतेत तुम्ही आत्ताच सोल्डरिंग केलं आहे. रुळावरून घसरलेल्या डब्याचं ट्रक, म्हणजे चाकांचा सांगाडा, त्याच उष्णतेत वितळतं.

इंजिन आधी डीसीवर

जे इंजिन डीसीवर अडखळतं ते डीसीसीवर अडखळणारच. १२ व्होल्ट डीसीवर दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा. कुरकुरत असेल तर गिअरमधलं वाळलेलं ग्रीस काढा, चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चाकांना टेकणाऱ्या पत्र्या वाकवून नीट टेकवा.

मग स्टॉल करंट, म्हणजे अडकलेली मोटर ओढते तो करंट, मोजा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खुंटीवर लावून तारेच्या मालिकेत जोडा, १२ व्होल्ट द्या आणि फ्लायव्हील बोटाने दोन सेकंद थांबवा, जास्त नाही. जो आकडा दिसेल तो डिकोडरच्या सलग क्षमतेपेक्षा कमी हवा. एचओच्या नेहमीच्या डिकोडरची क्षमता १ अँपिअरच्या आसपास असते. आजच्या बंद डब्याच्या मोटरी त्यात बसतात. जुन्या उघड्या मोटरी बसतीलच असं नाही.

डिकोडर बसवायचा शेवटीच, पण कसा ते इथेच बघा. इंजिनात डिकोडरसाठीचं ८ पिन, २१ पिन किंवा नेक्स्ट१८ सॉकेट असेल तर डमी प्लग काढा, डिकोडर लावा, काम झालं. ८ पिनमध्ये १ नंबरची खूण आणि नारिंगी तार एका बाजूला हव्यात. उलटा बसला तर सहसा काही जळत नाही, इंजिन चालतं आणि दिवे मात्र लागत नाहीत, तीच ओळख. २१ पिनमध्ये ११ नंबरची पिन नसते आणि डिकोडरवर ते भोक बुजवलेलं असतं, तेव्हा जोर लावायचा नाही.

सॉकेट नसेल तर खरं काम इथे आहे. मोटरच्या दोन्ही टोकांच्या तारा सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरचं प्रत्येक टोक आणि प्रत्येक चाक, आणि मोटरचं टोक आणि चासी, असं तपासा. कुठेही बीप आला तर पुढे जाऊ नका. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट चासीला टेकलेला असतो, एनमध्ये तर चासीचे दोन अर्धे हेच वीज वाहतात. तो ब्रश कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पट्टी) वेगळा करा आणि पुन्हा तपासा. ही एक पायरी गाळल्यामुळे जितके डिकोडर जळतात तितके दुसऱ्या कशानेही जळत नाहीत.

तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांचा समाईक पॉझिटिव्ह, हिरवी आणि जांभळी जादा कामांना. जुना बल्ब काढून एलईडी लावा, कारण १४ व्होल्टवर बल्ब तापून बॉडीला भोक पाडतो. एलईडीचा पॉझिटिव्ह निळीला, निगेटिव्ह पांढरी किंवा पिवळीला, आणि मध्ये रेझिस्टर. १ किलोओहमने ११ मिलिअँपिअर जातात आणि दिवा डोळ्यांवर येतो, ४.७ किलोओहम जास्त खरा दिसतो. मोटरवर जुने कपॅसिटर असतील तर तेही काढा, डिकोडरचं गती-नियंत्रण त्यांच्यामुळे बिघडतं.

डिकोडर मोटरला चिकटवू नका. चासीवर कॅप्टॉन टेपचा एक थर आणि त्यावर डिकोडर दुतर्फी फोम टेपने. त्याला चहूबाजूंनी गुंडाळलं तर उष्णता बाहेर जात नाही.

कमांड स्टेशन

तयार संचांत रोकोचं झेड२१, लेंझ, डिजिट्रॅक्स, एनसीईचं पॉवर कॅब ही नावं भेटतील. अमेरिकेहून आलेल्या संचाचा अडॅप्टर लावण्याआधी त्याच्यावरचा इनपुट वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर ठीक. फक्त १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो एका सेकंदात जातो.

स्वस्तात आणि स्वतः करायचं असेल तर डीसीसी-ईएक्स ही मोफत प्रणाली आहे. त्यासाठी आर्डुइनो मेगा २५६० (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), मोटर शील्ड आर३ (त्यावर बसून रुळांना वीज देणारा बोर्ड), शील्डसाठी १४-१५ व्होल्टचा ३ अँपिअर अडॅप्टर (एनसाठी १२), मेगासाठी वेगळा ७-९ व्होल्टचा अडॅप्टर आणि हवं तर वायफाय मॉड्यूल. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर यातलं बहुतेक सामान एका फेरीत होतं. दुकानात ‘मोटर शील्ड’ एवढंच म्हटलं तर हातात चार मोटरींची एल२९३डीची शील्ड येईल. ती चालत नाही. एल२९८एनचं लाल मॉड्यूलही या कामाला घेऊ नका, कारण त्यात करंट मोजायची सोय नसते. ती नसेल तर शॉर्ट झाल्याचं आर्डुइनोला कळत नाही आणि डिकोडरचं उत्तरही वाचता येत नाही. आर३ वर दोन्ही आहेत. तिच्या एका वाहिनीला २ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे एचओची तीन-चार इंजिनं आरामात. चिपमध्येच सुमारे २ व्होल्ट जातात, म्हणून अडॅप्टर थोडा चढा घ्यायचा. म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावायचा असं मात्र नाही.

शील्डच्या मागच्या बाजूला ‘व्हिन कनेक्ट’ नावाची बारीक तांब्याची रेघ असते. ती ब्लेडने कापा आणि कापली गेल्याची मल्टिमीटरने खात्री करा. नाहीतर रुळांसाठीचे १५ व्होल्ट मेगात शिरतात. मग मेगा यूएसबीने लॅपटॉपला लावून ईएक्स-इन्स्टॉलर चालवा, मेगा आणि आर३ निवडा, वायफाय असेल तर त्याची माहिती भरा. शील्डच्या ए टर्मिनलला बस आणि बी टर्मिनलला प्रोग्रॅमिंगचा रूळ. फोनवर एंजिन ड्रायव्हर हे ॲप टाका, मेगाच्या वायफायला जोडा, पत्ता १९२.१६८.४.१, पोर्ट २५६०.

जुना डीसी कंट्रोलर बसपासून कायमचा सोडवा. दोन्ही एकाच रुळाला एकदम लागले तर एकतरी जातोच. डिकोडर नसलेलं इंजिनही डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. उभ्या उभ्या गुणगुणतं, तापतं, कोअरलेस मोटर असेल तर जळतं.

प्रोग्रॅमिंग

प्रोग्रॅमिंगचा रूळ म्हणजे मुख्य बोर्डापासून दोन्ही बाजूंनी तोडलेला एक फूटभर तुकडा. तिथे करंट मर्यादित असतो, म्हणून जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता जास्त. नवीन जोडलेलं इंजिन पहिल्यांदा इथेच ठेवायचं. डिकोडरमधल्या प्रत्येक सेटिंगला सीव्ही आणि एक क्रमांक असतो. सीव्ही ८ वाचा, तो कंपनीचा क्रमांक देतो. वाचला म्हणजे रूळ, डिकोडर आणि मोटर तिन्ही जागेवर आहेत. कारण डिकोडर उत्तर देतो ते मोटरला क्षणभर झटका देऊन: किमान ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. मोटर जोडलेली नसेल किंवा चाकं मळकी असतील तर उत्तर येत नाही. एनच्या बारीक मोटरी कधीकधी ६० मिलिअँपिअर ओढतच नाहीत. तिथे वाचन फसतं, पण लिहिलेलं बसलेलं असतं.

नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. आधी ३ वरच चालवून बघा, मग बदला. १२७ पर्यंतचा पत्ता सीव्ही १ मध्ये. आपल्या इंजिनांचे नंबर पाच आकडी, म्हणून शेवटचे चार घ्यायचा रिवाज आहे. डब्ल्यूएपी-४ चं २२३४५ घेतलं तर पत्ता २३४५. त्याला २५६ ने भागा: भाग ९, बाकी ४१. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ९, म्हणजे २०१. सीव्ही १८ मध्ये ४१. जेएमआरआय हे संगणकावरचं सॉफ्टवेअर किंवा फोनचं ॲप हे गणित स्वतः करतं, पण कुठे अडलं तर हाताने करता यावं.

सीव्ही २९ ही बेरीज आहे. दिशा उलटी करायला १, वेगाच्या २८/१२८ पायऱ्यांना २, डीसीवरही चालावं म्हणून ४, मोठ्या पत्त्याला ३२. मोठा पत्ता आणि डीसी दोन्ही हवं तर ३८, डीसी नको तर ३४. पूर्वी विरारपर्यंत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार एसी होतं तेव्हा दोन्हीवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं लागायची. तो ४ म्हणजे तसाच परवाना. २०१६ मध्ये हार्बरवरचं डीसी गेलं आणि खऱ्या रुळांवर त्याची गरज संपली. तुमच्याही घरी सगळं डीसीसी झालं असेल तर तो ४ काढून टाका. नाहीतर कुठे शॉर्ट किंवा गडबड होऊन डिकोडरला डीसीचा भास झाला, की इंजिन पूर्ण वेगाने सुटतं आणि टेबलावरून खाली जातं.

सीव्ही ३ वेग धरण्याचा, सीव्ही ४ थांबण्याचा. सीव्ही ३ चा आकडा गुणिले ०.९ म्हणजे शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद. लोकलला ५-६ ठेवा, मालगाडीच्या इंजिनाला ३० सुद्धा शोभतं. सीव्ही २ इतका की पहिल्या पायरीला चाक जेमतेम फिरेल.

लोकलचे दोन कॅब

लोकलचं मॉडेल इथे थोडं वेगळं आहे. मोटर मधल्या किंवा एका टोकाच्या डब्यात, आणि दिवे दोन्ही टोकांना: पुढे पांढरा, मागे लाल. मोटरच्या डब्यात पूर्ण डिकोडर आणि लांबच्या कॅबमध्ये फक्त दिव्यांचा फंक्शन डिकोडर लावा. दोघांना एकच पत्ता द्या. मागच्या कॅबचं तोंड उलटं असल्याने त्याच्या सीव्ही २९ मध्ये १ मिळवा, म्हणजे गाडी फिरली की लाल-पांढरे दोन्हीकडे बरोबर बदलतात. प्रोग्रॅमिंग करताना एका वेळी एकच डबा रुळावर ठेवा. त्या रुळावर पत्ता विचारला जात नाही, जो असेल तो ऐकतो. पूर्ण रेक ठेवलात तर दोन्ही डिकोडरांत तेच लिहिलं जाईल. फंक्शन डिकोडरला मोटर नसल्याने वाचन फसेल. प्रोग्रॅमिंगपुरता त्याच्या पांढऱ्या आणि निळ्या तारेत १०० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर लावला की उत्तर येतं.

चालत नसेल तेव्हा

वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो असं होत असेल तर पायऱ्यांचा गोंधळ आहे: स्टेशन २८ पाठवतंय आणि डिकोडर १४ समजतोय. सीव्ही २९ मध्ये २ मिळवा. इंजिन उलटं जातं पण दिवे बरोबर लागतात, तर नारिंगी-राखाडी अदलाबदल करा. दोन्ही उलटं, तर सीव्ही २९ मध्ये १. जुनं घेतलेलं इंजिन वाचता येतं पण आपल्या पत्त्यावर हलत नाही, तर सीव्ही १९ बघा. आधीच्या मालकाने ते जोडगाडीत (एकाच पत्त्यावर एकत्र चालणाऱ्या इंजिनांत) घातलेलं असतं. तिथे ० लिहा. काहीच कळेना तर बहुतेक कंपन्यांच्या डिकोडरला सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की तो मूळ अवस्थेत जातो आणि पत्ता पुन्हा ३ होतो. किप-अलाइव्ह कपॅसिटर (क्षणभर वीज गेली तरी डिकोडर चालू ठेवणारा) लावलेला डिकोडर प्रोग्रॅमिंगच्या रुळावर अडून बसतो, तेवढ्यापुरता तो सोडवा.

रुळांवरचा व्होल्टेज साध्या मल्टिमीटरच्या एसी खुंटीवर मोजाल तर आकडा चुकेल. ते मीटर ५० हर्ट्झसाठी आहे, इथे वीज सेकंदाला हजारो वेळा उलटते. तुलनेसाठी चालतं: स्टेशनजवळ आणि बोर्डाच्या टोकाला एकच आकडा यायला हवा. खरा आकडा हवा तर रुळांवर ब्रिज रेक्टिफायर लावून डीसी मोजा आणि त्यात १.४ मिळवा.

जून ते सप्टेंबर गाडी न चालवता ठेवली तर सप्टेंबरात रुळांवर काळा थर हमखास. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं सुती फडकं लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरवा. त्या वेळी वीज बंद ठेवा आणि खिडकी उघडी. स्टील वूल घासू नका. त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि नीट वेगळा केलेला ब्रश पुन्हा चासीला जोडला जातो.